दर्यावर्दीची खुर्ची

माझ्या नवऱ्याला, म्हणजे इसाक यांना, कोणालाही तोंडावर नाही म्हणता येत नाही. हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं. कालवणात चुकून दोनदा मीठ पडलं होतं. हे गुपचूप जेवले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मस्त झालंय, आरिफा." सानपाड्याच्या बाजारात मासेवाली शिळी सुरमई पुढे करते. यांना कळतं की ती शिळी आहे, आणि तरी हे पिशवी उघडून धरतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण झालं तेव्हा दोन्ही बाजूंना हात वर करून आलेला माणूस हाच.

पण हाच माणूस लॅपटॉपसमोर बसला की बघा. या अल्ला! भुवया वर, चष्मा नाकावर, आणि तोंडाने पुटपुट चालू: "याला संदर्भ कुठाय? कोण म्हणतं असं? काढा." मराठी विकिपीडियावर हे नेमाने काम करतात. इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश कोणीही लिहू शकतं आणि कोणाचंही कोणीही दुरुस्त करू शकतं. आयुष्यभर बंदराची कागदपत्रं तपासलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर आणखी काय हवं? कामोठ्याच्या आमच्या लेकीने, कैनातने, जुना लॅपटॉप दिला, तिला वाटलं बाप गाणी ऐकेल. बाप जगाच्या चुका काढत बसला.

तिथे प्रत्येकाला एक नाव घ्यावं लागतं. यांनी घेतलं 'दर्यावर्दी'. का, तर म्हणे यांचे म्हसळ्याचे पणजोबा जहाजावर होते. पणजोबा असतील हो! आमचे हे भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसले की रेवस यायच्या आत ओकून माझी ओढणी खराब करतात. पण नाव दर्यावर्दी, आणि धाक असा की कोणी स्वतःच्या काकाला 'थोर समाजसेवक' लिहिलं की दर्यावर्दी पाच मिनिटांत तो काका साधा करून ठेवतो.

दर शनिवारी दुपारी हे विरंगुळा केंद्रात नवशिक्यांना विकिपीडियावर लिहायला शिकवतात. केंद्रात कॅरम आहे, वर्तमानपत्रं आहेत, आणि कोपऱ्यात कोणीतरी दान केलेले दोन कम्प्युटर. कॅरममध्ये हरलेले लोक यांच्याकडे वळतात. मी डबा द्यायला म्हणून जायची आणि बसून राहायची, कारण घरी एवढी करमणूक नाही. शिकवताना हे एक नियम पाळतात. शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात, समोरचा भलतंच बटण दाबत असला तरी. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, एवढं पटकन करून द्या ना!" तर म्हणाले, "मी हात पुढे केला की शिकणारा आपला हात काढून घेतो. मग परत घालत नाही." आणि शिकणाऱ्याला वर सांगायचे, "घाबरू नका, इथे काही मोडत नाही. जुनं सगळं 'इतिहास' नावाच्या पानात राहतं."

बहुतेक जण दोन शनिवार येतात आणि परत कॅरमला जातात. टिकले ते एकटे देवजीभाऊ.

ऐरोलीच्या अलीकडे, खाडीला टेकून करंजखार नावाचं गाव आहे. आता चारी बाजूंनी टॉवर उठलेत, पण गाव आहे. देवजीभाऊ तिथले. एके काळी भातशेती आणि मिठागर, आता दोन इमारतींची भाडी. गळ्यात जाड चेन, पांढरा शर्ट, आणि आवाज असा की केंद्रातले पेंगणारे जागे होतात. सानपाड्याला लेकीकडे आले होते, तिथून विचारत विचारत केंद्रात आले आणि दारातूनच ओरडले.

"विकीवाले मास्तर कोन हाय? नातवानं मना मोबाईलवर दाखवलान. काय लिवलंय? 'करंजखार हे नवी मुंबईतील एक गाव आहे.' बस! खल्लास! अरे, कुत्र्याच्या पट्ट्यावर पन यापेक्षा जास्ती लिवतात!"

यांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "बसा. तुम्हीच लिहा."

देवजीभाऊ एका बोटाने लिहीत. ते बोट मिठागरातलं, एक अक्षर दाबलं की चार उमटायची. पण सोडलं नाही. गावचा तलाव लिहिला, मिठागरं लिहिली, खाडीतली मासेमारी लिहिली. शेवंताबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, आधी खिडकीशी बसून हसायच्या, मग त्याच आठवण करून द्यायला लागल्या की अमुक राहिलं, तमुक राहिलं. हळूहळू देवजीभाऊ केंद्रातून सरळ आमच्या घरी यायला लागले. येताना खाडीची कोळंबी, नाहीतर शेवंताबाईंनी सुकवलेले बोंबील. दोघे गॅलरीत चहा पीत बसायचे आणि मोठमोठ्याने हसायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. खरं सांगते, एवढ्या वर्षांत माझ्या नवऱ्याला घरी येणारा दोस्त कधी नव्हता. ओळखीचे शंभर, दोस्त एकही नाही. जो कधी नाहीच म्हणत नाही त्याच्याशी दोस्ती तरी कशी करणार? मला देवजीभाऊ आले की बरं वाटायचं.

आणि मग देवजीभाऊंनी मान लिहिला.

'गावदेवीच्या पालखीचा पहिला मान देवजी यांच्या घराण्याचा आहे.' त्याखाली नावं. कैलासवासी आजोबा, कैलासवासी काका, मोठा मुलगा, धाकटा मुलगा, जावई, नातू हितेश, आणि शेवटी 'समस्त परिवार'. अगदी लग्नपत्रिका! पत्रिकेत एक नाव राहिलं तर त्यांच्याकडे वर्षभर अबोला चालतो, म्हणून देवजीभाऊंनी कोणालाच सोडलं नव्हतं. सोडलं होतं फक्त चुलतभाऊ सुभाषच्या घराला, कारण पहिला मान कोणाचा यावरून त्या दोन घरांत आजोबांच्या काळापासून वाजत होतं.

यांनी ते केंद्रात उभ्या उभ्या वाचलं. मी यांचा चेहरा बघत होते. आता सांगतील, आता सांगतील. देवजीभाऊंनी विचारलं, "कसा झालाय, मास्तर?"

"छान," हे म्हणाले. "बघू."

घरी आले, चपला काढल्या, लॅपटॉप उघडला आणि दर्यावर्दीने सगळंच्या सगळं उडवलं. खाली शेरा: 'संदर्भ नाही. स्वतःच्या घराण्याविषयी स्वतः लिहू नये.'

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. "अहो, देवजीभाऊ आहेत ते!"

"इथे कोणी भाऊ नसतो," हे म्हणाले. बघा तो रुबाब!

पुढच्या शनिवारी देवजीभाऊ आले ते पेटूनच. "मास्तर, यो दर्यावर्दी कोन हाय? सुभाषचाच मानूस असनार!" मग स्वतःच म्हणाले, "पन सुभाषला तर मोबाईलचा टॉर्च पन बंद करता येत नाय." त्यांनी मजकूर परत टाकला, दर्यावर्दीने परत काढला. मग देवजीभाऊ म्हणाले, "मास्तर, तुमी माझ्या बाजूनं पत्र सांगा, मी लिवतो. त्याला दाखवू आपन."

आणि आमच्या यांनी काय करावं? हात मागे बांधून, तोंड खाली घालून, स्वतःच्याच विरुद्ध पत्र सांगितलं! "आदरणीय दर्यावर्दी, आपला शेरा वाचून खेद झाला..." देवजीभाऊ एका बोटाने टपटप लिहीत होते. मी ओढणी तोंडाशी धरून बाहेर गेले आणि कॅरमच्या टेबलाजवळ जाऊन हसले. घरी येऊन यांनी दर्यावर्दी म्हणून त्या पत्राला उत्तर लिहिलं. उत्तरात पत्रातल्या दोन चुकाही दाखवल्या. स्वतःच सांगितलेल्या!

मी म्हटलं, "हे असं किती दिवस? सांगून टाका की तुम्हीच तो."

"सांगतो."

"कधी?"

"बघू."

असं हे बघू पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चाललं. पण मजा अशी की त्या भांडणात देवजीभाऊ लिहायला शिकले. दर्यावर्दी खोडायचा तसं दुरुस्तही करायचा. देवजीभाऊंची वाक्यं सरळ करायचा, मिठागरांबद्दल छापील पुस्तकातले संदर्भ शोधून जोडायचा. पहिला मान तेवढा बाहेर राहिला, बाकी लेख लांबलचक झाला. एकदा आमच्या गॅलरीत देवजीभाऊ म्हणाले, "त्यो दर्यावर्दी मानूस वाईट नाय, मास्तर. भांडतो, पन सरल भांडतो. आमच्या भावकीत असता तर बरा झाला असता." हे चहात बिस्किट बुडवून बसले होते. बिस्किट कपात पडलं तरी यांना कळलं नाही.

दिवाळीनंतर हितेशचं लग्न ठरलं. मुलगी प्रिया, घणसोलीची, बँकेत आहे. आमच्याकडे पत्रिका द्यायला देवजीभाऊ आणि शेवंताबाई दोघं आले. हळदीला आणि लग्नाला, दोन्हीला यायचं, सक्त ताकीद.

"आमच्या घरात एक रीत हाय, भाबी," शेवंताबाई मला सांगत होत्या. "ज्याच्याशी वाकडा असेल त्याला हलदीला मानाने आनायचा. त्याला टॉवेल-टोपी द्यायची, खुर्चीवर बसवायचा. त्यो येयपर्यंत नवऱ्याला हलद लागत नाय. सुभाषभाऊजींकडं हे जाऊन आले, ते येतात. आता एकच रायलाय."

"कोण?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी मला कळलं.

"त्यो दर्यावर्दी," देवजीभाऊ म्हणाले. "त्याला पन आमंत्रन दिलाय."

आणि दिलं होतं हो! विकिपीडियावर प्रत्येकाचं एक चर्चेचं पान असतं, तिथे एकमेकांना निरोप लिहितात. एरवी तिथे 'कृपया संदर्भ जोडावा' असले रुक्ष निरोप. त्या पानावर देवजीभाऊंनी एका बोटाने अख्खी पत्रिका उतरवली होती. गावदेवी प्रसन्न, चिरंजीव हितेश, हळदीचा दिवस, मंडपाचा पत्ता, 'सहकुटुंब सहपरिवार येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत', आणि शेवटी 'झालं गेलं विसरून यावे. आपली खुर्ची ठेवली आहे.'

यांनी ते वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. त्या रात्री जेवले नाहीत. मी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा म्हणाले, "आरिफा, मी सांगितलं तर तो माणूस या घरात परत पाय ठेवणार नाही."

मला राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. "आणि नाही सांगितलं तर? त्यांनी गावभर सांगितलंय की दर्यावर्दी येणार. खुर्ची रिकामी राहिली तर सगळ्या भावकीसमोर त्यांचं हसं होईल, त्याचं काय?"

यांनी वेगळीच युक्ती केली. दर्यावर्दी म्हणून निरोप टाकला: 'प्रकृती बरी नाही. शुभेच्छा.' लगेच देवजीभाऊंचं उत्तर आलं: 'पत्ता द्या. गाडी पाठवतो. डॉक्टर पण पाठवतो.' मी म्हटलं, घ्या!

हळदीच्या संध्याकाळी करंजखारला गेलो. मंडप पार तलावापर्यंत, बेंजो वाजत होता, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. हळद आमच्यातही असते, पण एवढा थाट नाही. आमच्यासाठी वाशीहून हलाल मटण आणून वेगळं पातेलं चढवलं होतं. शेवंताबाईंनी मला ते झाकण उघडून दाखवलं. मला भरून आलं, आणि मनात म्हटलं, इसाक, आज तरी तोंड उघड.

मंडपात पुढच्या रांगेत पाट मांडला होता, हितेश त्यावर बसलेला. बाजूला मानाच्या खुर्च्या. एकीवर सुभाषभाऊ, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर टॉवेल. शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर टॉवेल, टोपी आणि नारळ. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं, पाहुणे म्हणून.

गाणी दोनदा संपून परत सुरू झाली. शेवंताबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या. देवजीभाऊ मंडपाच्या तोंडाशी जाऊन रस्त्याकडे बघायचे आणि परत यायचे. हितेश पाटावर अवघडून बसला होता. भटजी घड्याळ बघत होते. सुभाषभाऊ मोठ्याने म्हणाले, "देवजी, आरं कम्प्युटरमधला मानूस हलदीला येतो काय? उद्या टीव्हीतला बोलव!" अख्खी रांग हसली. देवजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी चेनशी चाळा केला आणि परत रस्त्याकडे गेले. एवढा मोठा माणूस, पण मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

मी यांच्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं राहिलं. पण खरं सांगायचं तर माझ्या चिमट्याआधीच हे उठले होते.

हे गेले, टॉवेल-टोपी-नारळ उचलून मांडीवर घेतले आणि त्या खुर्चीवर बसले. बेंजोवाल्यांना काय कळलं कोण जाणे, तेही थांबले.

"मास्तर," देवजीभाऊ लगबगीने आले, "ती दुसऱ्याची खुर्ची हाय. तुमची तिकडं..."

"माझीच आहे, देवजीभाऊ," हे म्हणाले. "दर्यावर्दी मीच."

देवजीभाऊ आणखी एक पाऊल पुढे आले. "मना खोडनारा तुमी?"

"हो."

"आनि माझ्या बाजूनं पत्र सांगनारा?"

"तोही मीच."

मंडपात कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. देवजीभाऊंचा चेहरा लाल झाला होता. "मी तुमच्या घरात जेवलो, मास्तर. तुमी माझ्या घरात जेवले. एवढे महिने रोज तुमच्याजवल त्याला शिव्या दिल्या. तोंडावर का नाय सांगितला?"

"तोंडावर मला जमत नाही," हे म्हणाले. "कोणालाच. आरिफाला विचारा."

सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. काय करणार, खरंच होतं.

"मंग आता सांगा," देवजीभाऊ म्हणाले. "हितं, सगल्यांसमोर. काय चुकला माझा?"

मला वाटलं, आता हे म्हणणार 'बघू'. यांनी घसा खाकरला. उभे राहिले. सवयीने दोन्ही हात मागे गेले. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा नवरा एका माणसाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाला.

"पहिला मान माझा, असं आपणच लिहायचं नसतं, देवजीभाऊ. मान दुसऱ्याने द्यायचा असतो. तुम्ही लिहिलंत म्हणून मी काढलं. परत लिहिलंत तर परत काढीन."

सुभाषभाऊंनी मांडीवर थाप मारली. देवजीभाऊंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, मग तलावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. शेवंताबाईंनी हळदीची वाटी नवऱ्यापुढे धरली. घरातला मोठा म्हणून पहिली हळद देवजीभाऊंनीच लावायची होती.

देवजीभाऊंनी वाटी घेतली आणि यांच्यापुढे केली.

"मंग घ्या," ते म्हणाले. "दुसऱ्यानं द्यायचा ना? मी देतो. माझ्या नातवाला पयली हलद तुमची."

हे तसेच उभे, हात पाठीमागे. वाटी समोर. डोळे भरलेले.

"हात मागं नको, मास्तर," देवजीभाऊ म्हणाले. "पुढं करा. हितं पन काय मोडत नाय."

आणि यांनी हात पुढे केला. म्हसळ्याच्या इसाकच्या हाताने करंजखारच्या हितेशला पहिली हळद लागली, दोन्ही गालांना, जरा जास्तच. दुसरी सुभाषभाऊंची, तीही देवजीभाऊंनीच बोलावून. मग बेंजो असा सुटला की मला माझं रडणं कोणापासून लपवायची गरज उरली नाही. मी भरपूर रडून घेतलं.

पुढच्या शनिवारी देवजीभाऊ केंद्रात आले ते आधीच लिहून. गावाच्या लेखात नवा परिच्छेद: 'हळदीचा पहिला मान दर्यावर्दी यांना देण्यात आला.' खाली पाहुण्यांची नावं, सगळी, माझंही होतं. यांनी वाचलं. हे म्हणाले, "देवजीभाऊ, हे काढा."

"तुमचा मान हाय, मास्तर! आनि मी दिलाय!"

"तरी काढा."

देवजीभाऊंनी एका बोटाने, शिव्या घालत, स्वतः काढलं. मग दोघे आमच्याकडे चहाला आले आणि गॅलरीत तेच हसणं पुन्हा सुरू झालं.

सगळं छान झालं असं मी म्हटलं असतं. पण त्या हळदीपासून माझ्या नवऱ्याचं तोंड उघडलंय ते मिटतच नाही. मासेवालीला सुरमई परत करतात, सोसायटीत एकाच बाजूने हात वर करतात. परवा मी सांदणं केली. एक तुकडा तोंडात घातला, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, "आरिफा, घट्ट झालीत."

मी लगेच देवजीभाऊंना फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या मास्तरांना परत घेऊन जा.